सर्व्हर चढला, काटा अडला

दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते. गोंदियातल्या एका राईस मिलच्या फाटकापाशी धानाने भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे, आणि धर्मकाट्याच्या खिडकीतून पोरगा ओरडतोय, "मुनीमजी, पावतीच निघत नाही जी!" मुनीमजी म्हणजे प्रस्तुत लेखक. मिलचा सगळा हिशेब त्याने आदल्याच रात्री क्लाऊडवर चढवला होता आणि सेठजींना फोन करून सांगितलेही होते, की झाले एकदाचे. त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले, हे त्याच्या घरचे लोक अजून विसरलेले नाहीत.

निर्णय मात्र चुकीचा नव्हता. तांदूळ गिरणीच्या हवेत कोंडा असतोच. तो सर्व्हरच्या पंख्यात जाऊन बसतो आणि उन्हाळ्यात यंत्र धापा टाकू लागते. त्यात विजेचा लपंडाव. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा फुगली आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या नदीकाठच्या गावांत शिरली. मिलपर्यंत पाणी आले नाही, पण "आपला सर्व्हर जमिनीपासून किती उंचावर आहे?" हा प्रश्न सेठजींनी तेव्हा पहिल्यांदा विचारला. तो टेबलाखाली होता.

चूक झाली ती तयारीत. मुनीमाच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे टॅली, आणि टॅली हलवायची म्हणजे डेटाचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचे. प्रत्यक्षात आठ वर्षे एका कोपऱ्यात गुरगुरणारा तो डबा आणखी काय काय करत होता, याची यादी कोणाजवळच नव्हती. धर्मकाट्याच्या संगणकावरचा छोटा प्रोग्राम प्रत्येक गाडीचे वजन सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये लिहीत होता आणि पावतीचा पुढचा नंबर तिथूनच उचलत होता. ते बसवून देणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला. फोल्डर गायब, नंबर गायब, काटा ठप्प. त्या दिवशी पावत्या कार्बन घालून हाताने फाडल्या.

मग दुसरे दुखणे निघाले. शेतकऱ्यांची नावे आणि उचलीचा हिशेब एक्सेलमध्ये होता आणि मराठी टाइप केलेले होते जुन्या फॉन्टमध्ये. असल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे ही इंग्रजी कळांनी घातलेली सोंगे असतात. क्लाऊडवरच्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे सडक अर्जुनीपासून सालेकशापर्यंतचे सगळे शेतकरी एका रात्रीत निरर्थक रोमन अक्षरे झाले. फॉन्ट टाकून वेळ मारून नेता येते. खरा उपाय म्हणजे हलवण्याआधी सगळे युनिकोडमध्ये बदलून घेणे आणि मग डोळ्यांनी तपासणे, कारण बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास घसरतात.

नावांचाच विषय निघाला आहे तर मालाच्या नावांचेही सांगायला हवे. एचएमटी हे धानाचे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढले, आणि त्याला नाव मिळाले तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे. मिलच्या टॅलीत या एका वाणाची पाच नावे निघाली: टिंबांसह, टिंबांशिवाय, 'नया', 'जुना' आणि एक चक्क चुकलेले. घर बदलताना अडगळ बरोबर नेली की नव्या घरातही ती अडगळच राहते. मुनीमाने ती सफाई नंतर केली, दुप्पट वेळ घालवून.

लायसन्सचे प्रकरण थोडक्यात. टॅलीचे लायसन्स एका यंत्रावर चालू असते. नव्या जागी नेताना ते जुन्या यंत्रावरून आधी परत करावे लागते. बारदान्याच्या हिशेबासाठी स्थानिक माणसाकडून जी टीडीएल, म्हणजे टॅलीला जोडायचा छोटा प्रोग्राम, करून घेतलेली असते, तिची फाइल वेगळी. ती नव्या आवृत्तीवर चालते का, हे आधी पाहावे. डिजिटल सहीची यूएसबी किल्ली टेबलावरच्या संगणकात खोचलेली असते, क्लाऊडवरच्या यंत्राला ती आपोआप दिसत नाही. प्रिंटरचेही तेच.

चौथ्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. हिशेब मजेत आकाशात, आणि मिल जमिनीवर आंधळी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन दिवस निघाले. वेगळ्या कंपनीची दुसरी लाईन आधी घ्यायची आणि मगच सर्व्हरला हात लावायचा, हा क्रम मुनीमाला तेव्हा कळला.

दिवसही चुकीचे निवडले होते. गोंदियात खरिपाचे धान दिवाळीच्या सुमारास येऊ लागते आणि उन्हाळी धान मे-जूनमध्ये. हलवाहलव करायची तर जुलै-ऑगस्टच्या निवांत दिवसांत, आणि तीही महिन्याच्या ११ ते २० तारखा टाळून, कारण दरमहा विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ आणि ३बी याच दोन तारखांना असतात.

तपासणीबद्दल एक खुलासा. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून मुनीमाने सुटकेचा श्वास टाकला, तो फार लवकर. बेरीज जुळते आणि आतले बिलवार येणे विस्कटलेले असते, असे होऊ शकते. सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या मिलला तर दोन साठे जपावे लागतात, स्वतःचा आणि सरकारचा. १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल कच्चा तांदूळ परत द्यायचा, वर बारदान्याचा हिशेब. म्हणून व्हाउचरांची संख्या, प्रत्येक गोदामाचा साठा, पार्टीवार येणे-देणे हे सगळे जुन्या आणि नव्या पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागते, आणि पूर्ण महिनाभर दोन्हीकडे नोंदी कराव्या लागतात. कंटाळवाणे काम आहे. दुसरा मार्ग त्याला सापडला नाही.

खर्चाचा अंदाज करतानाही फक्त मासिक भाडे मोजले गेले होते. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीही क्लाऊडवरच्या सामाईक सॉफ्टवेअरची, पण तिच्यात जुन्या नोंदी संगणकावर आणणे, देखभाल आणि माणसांचे प्रशिक्षण यांचाही हिशेब धरलेला आहे. मिलने प्रशिक्षणावर शून्य रुपये धरले होते. काट्यावरच्या पोराला नवा पासवर्डसुद्धा कोणी सांगितला नव्हता.

सगळ्यात मोठा गैरसमज बॅकअपचा. क्लाऊडवर गेले म्हणजे आता बॅकअपची कटकट संपली, असे भाडे घेणाऱ्याने म्हटले नव्हते. मुनीमाने मनाने धरले होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, आणि दुसरीकडे प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाऊडवरची खासगी यंत्रणाच चुकून पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांचे काम अडले. दुसऱ्या एका पुरवठादाराकडे ठेवलेली प्रत तिथे कामी आली. आपल्याकडे तर कंपनी म्हणून नोंदलेल्या मिलला, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून, हिशेबाच्या वह्यांची भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज प्रत ठेवणे बंधनकारक आहे. भागीदारीतल्या मिलला हा नियम लागू नाही, आग मात्र लागू आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर विचारावेत: यंत्र कोणत्या शहरात आहे, प्रत कोण आणि कुठे ठेवतो, बंद करायचे ठरले तर डेटा कोणत्या रूपात किती दिवसांत परत मिळेल, आणि रिमोट डेस्कटॉपचे दार सगळ्या जगाला उघडे आहे की पासवर्डशिवाय आणखी एखादे कुलूप आहे. फोनवरचे "हो जी, सगळं आहे" हे उत्तर धरू नये.

पुढच्या जुलैत मुनीमाने सगळे पुन्हा नीट लावले. काट्याचा प्रोग्राम आता काट्याच्याच संगणकावर राहतो आणि वजने संध्याकाळी वर पाठवतो. लाईन गेली तरी पावती निघते. रोजची एक प्रत सेठजींच्या घरच्या कपाटातल्या डिस्कवर जाते.

जुना सर्व्हर मोडीत काढलेला नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि जुन्या आवृत्तीतले काही हिशेब अजून त्यावरच उघडतात. मुनीम दर तीन महिन्यांनी तो सुरू करून २०१९-२० चे खाते उघडते का, ते पाहतो. मागच्या खेपेला उघडले. पंख्यातून मूठभर कोंडा निघाला.