माझं ऐक

चि. मुक्ता हिस,


तू मराठीत आणलेल्या मालिकेचे भाग वाचले. भाषा स्वच्छ आहे. एक गोष्ट मात्र लगेच सांगतो, कारण सवय जडली की सुटणार नाही. नोकर असो, शिपाई असो की पहिलीतलं पोर, तुझ्याकडे सगळेच 'आज्ञेचं पालन' करतात. आपल्या घरांत असं कुणी बोलत नाही. घरात माणूस ऐकतो.

हे 'ऐकणं' नीट पारखून घे. लताबाईंना ऐकलं म्हणजे त्यांचं गाणं ऐकलं. लताबाईंचं ऐकलं म्हणजे त्या म्हणाल्या तसं केलं. सगळा फरक त्या एका प्रत्ययात आहे. म्हणून 'तो आईला ऐकत नाही' हे हल्लीचं वाक्य मला खटकतं. आईचं ऐकत नाही, हेच बरोबर. आणखी पुढची पायरी हवी असेल तर 'जुमानत नाही' लिही. तिथे मात्र 'आईला'च येतं. हे क्रियापद जवळजवळ नेहमी नकारातच वावरतं. 'तो वडिलांना जुमानतो' असं म्हणून बघ, वाक्य लंगडतं.

'पाळणं' दीर्घकाळाचं असतं. पथ्य पाळतात, सुतक पाळतात, दिलेला शब्द पाळतात. रामाने वडिलांची आज्ञा पाळली ती चौदा वर्षं. 'दार लाव' एवढं सांगणं कुणी पाळत नाही. शिवाय आज्ञा गुरूची, राजाची. रामचंद्रपंत अमात्यांच्या ग्रंथाला 'आज्ञापत्र' हे नाव शोभतं ते त्यामुळेच. कारखान्यातला मुकादम आज्ञा देत नाही, काम सांगतो. फौजेत आणि पोलिसांत हुकूम सुटतो, आणि शिपाई तो बजावतो.

शंका आली तर दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघड. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले ते खंड आजही अनुवादकाच्या हाताशी हवेत. त्यात नुसता अर्थ पाहून थांबू नकोस, कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो ते पाहा. अनुवाद फसतो तो बहुधा तिथेच.

तिसऱ्या भागातली म्हातारी मरणाच्या दारात मुलाला 'माझ्या आज्ञेचं पालन कर' म्हणते, ते आधी बदल. 'ऐक रे माझं' एवढंच पुरे. दुरुस्त केलेले भाग पाठव, मी वाचून कळवीन.

तुझा,
मामा