पॅरिसच्या विमानतळावर आधी बोलायला येईल त्याच्या गाडीत बसू नका

परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "अहो, पण आधी भाव नव्हता का ठरवला?" ठरवला होता. ओळखपत्रही बघितलं होतं. फसवणारा मोकळा सुटतो आणि उलटतपासणी आमची होते, हे आता ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसले.

पुण्याहून रात्री निघालो, मुंबईहून पहाटेचं विमान, मध्ये आखातात तासन् तास ताटकळणं आणि मग पॅरिसचं शार्ल द गॉल. पासपोर्टची रांग हलता हलत नव्हती. ह्यांचे पाय सुजलेले, रोमिंगचा पॅक चालू होईना, पॅरिसमध्ये शिकणाऱ्या लेकीची परीक्षा असल्यामुळे ती न्यायला येऊ शकत नव्हती. सामान घेऊन बाहेर पडलो तर समोरच एक तरुण उभा. काळा कोट, गळ्यात फोटोचं कार्ड. "टॅक्सी, मॅडम? पॅरिस?" मी ट्रेनचं विचारलं, तर म्हणाला आज संप आहे. फ्रान्समधल्या संपांबद्दल आपण पेपरात वाचलेलं असतं, त्यामुळे ते खरंच वाटलं. भाव विचारला, तर म्हणाला, "सरकारी. मीटरप्रमाणे." आपल्याकडे मीटरने येणारा माणूस सरळ, असंच आपण धरून चालतो. आणि एवढं बोलेपर्यंत ह्यांच्या हातातली बॅग त्याच्या हातात गेलेलीसुद्धा होती.

गाडी पार्किंगच्या इमारतीत होती. डॅशबोर्डला मोबाईल चिकटवलेला, त्यावर आकडे पळत होते. तोच त्याचा मीटर. हायवेला शेजारून एक गाडी गेली. तिच्या टपावर टॅक्सीची पाटी होती आणि त्यात लाल दिवा. आमच्या गाडीच्या टपावर काही पाहिल्याचं मला आठवेना. पुढे बघितलं तर मोबाईलवरच्या आकड्याने नव्वदी ओलांडलेली. माझ्या पोटात गोळा आला. "थांबा," म्हटलं. त्याने रेडिओचा आवाज वाढवला. मी पुन्हा म्हटलं, तर आरशात माझ्याकडे बघून हसला. ते हसू अजून डोळ्यांपुढून जात नाही.

लेकीच्या गल्लीत पोचलो तेव्हा १९० युरो मागितले. कार्डाचं मशीन म्हणे बिघडलेलं. डिकी बंद, आणि त्यात ह्यांच्या इन्शुलिनची पिशवी. शेवटी कोपऱ्यावरच्या एटीएममधून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले, तेव्हा कुठे डिकी उघडली. अशा वेळी पैसे देण्यात काहीही चुकीचं नाही. ज्यांना ते चुकीचं वाटतं, त्यांनी त्या फुटपाथवर औषधाविना उभं राहून दाखवावं.

आता जे कळलं ते सांगते. या विमानतळावरून पॅरिस शहरात जायचा टॅक्सीचा दर सरकारने बांधून दिलेला आहे, २०१६ पासून. आम्ही गेलो तेव्हा, म्हणजे २०२५ मध्ये, सीन नदीच्या उत्तरेला ५६ युरो आणि दक्षिणेला ६५. दिवस असो, रात्र असो, रविवार असो, वाहतूक कितीही तुंबलेली असो, दर तोच. बॅगांचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे या मार्गावर जो "मीटरप्रमाणे" म्हणतो, तो तिथेच उघडा पडतो. लेक दक्षिणेला राहते. आमचे ६५ व्हायला हवे होते.

दुसरं, परवानाधारक टॅक्सीवाला आत येऊन गिऱ्हाईक गोळा करत नाही. तसं करणं तिथे गुन्हा आहे. तो बाहेर अधिकृत रांगेत उभा असतो, टपावर पाटी, रिकामा असला की हिरवा दिवा, भाडं असलं की लाल. अॅपवर बोलावतात त्या खासगी गाड्या आधी बुक केल्याशिवाय घेताच येत नाहीत. कार्डाचं मशीन ठेवणं टॅक्सीला सक्तीचं आहे, आणि पावती द्यावीच लागते. तेव्हा तुमच्याशी आधी बोलायला येईल त्याला उत्तरच देऊ नका, "नो" सुद्धा नको. मान खाली घालून पाट्यांमागे चालत राहा.

संपाची थाप पारखायची असेल तर विमानतळावरच्या स्टेशनापर्यंत चालत जा आणि फलकावर बघा. आरईआर बी नावाची गाडी साधारण पस्तीस मिनिटांत पॅरिसमधल्या गार द्यु नॉर स्टेशनला पोचवते. २०२५ मध्ये तिकीट १३ युरो होतं. आमच्या त्या दिवशी गाड्या धावत होत्या, लेक त्याच गाडीने कॉलेजातून घरी आली.

औषधं, पासपोर्ट आणि थोडी रोकड मांडीवरच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी डिकीत टाकू देऊ नका, कोणी कितीही अदबीने मागितली तरी. परदेशातल्या मुलांना माझं सांगणं आहे, की आईवडिलांना "टॅक्सी करून या" एवढ्यावर सोडू नका. दर, टपावरच्या पाटीचा फोटो, रांगेची जागा हे निघण्याआधी पाठवा, आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. उतरल्यावर फोन चालेलच असं नाही.

लेकीने नंतर सांगितलं, २०१८ मध्ये एका थाई जोडप्याकडून याच रस्त्यावर एका बनावट टॅक्सीवाल्याने २४७ युरो मागितले होते. त्यांनी गाडीतच व्हिडिओ काढला आणि त्या माणसाला आठ महिन्यांची कैद झाली. म्हणून गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या देखत. तो कुरकुरला तर बसू नका. मी फोटो काढला तो ह्यांनी पैसे मोजायला घेतले तेव्हा. ते पाहून तो पावती न देता सटकला. तो फोटो आणि एटीएमची चिठ्ठी जोडून लेकीने पॅरिसच्या पोलीस मुख्यालयाकडे फ्रेंचमध्ये तक्रार पाठवली आहे. पैसे परत मिळतील अशी आशा मी धरलेली नाही. तो माणूस त्या दारातून हटला पाहिजे, एवढंच मला हवं आहे.