मावा औषधास कां जुमानीत नाहीं ?

पासलीच्या बाजूस भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल-पावटा करितात, व त्याच्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. फवारणी करावी, मावा पुन्हां वाढला कीं तेंच औषध दुप्पट घालावें, अशी आपली रीत. “किड्यास औषधाची संवय झाली” असें आपण म्हणतों. परंतु तें खरें नव्हे. असंख्य किड्यांत एखादा जन्मतःच कणखर असतो. फवारणीनें बाकीचे मरतात व तोच मागें उरतो.

त्यांतून आपल्या उष्ण हवेंत माव्याची मादी बहुधा नरावांचूनच जिवंत पिलें प्रसवते, व तीं सर्व माद्याच असतात. म्हणजे आईची मिळकत वांटणी न होतां सबंध लेकींच्या नांवें चढते. आठवड्या-दहा दिवसांत लेकींनाहि पिलें होऊं लागतात.

ही मिळकत म्हणजे जनुक, पेशींतील वंशलेख. औषध पकडून निकामी करणारें द्रव्य बनविणाऱ्या जनुकाच्या नकला कणखर किड्यांत दुपटीदुपटीनें वाढतात, असें अनुमान इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेड येथील शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं बटाट्यावरील हिरव्या माव्याविषयीं मांडिलें. पुढें तें खरें ठरलें. कांहीं किड्यांत ८० पर्यंत नकला आढळल्या. दुसरा प्रकार असा कीं, औषध मज्जातंतूंत ज्या ठिकाणीं जाऊन बसतें, तें ठिकाणच पालटतें. २००९ सालीं दक्षिण फ्रान्समधील पीचच्या बागेंतून घेतलेल्या माव्यांत जनुकांतील एका अक्षराच्या अशाच फरकामुळें इमिडाक्लोप्रिड निष्प्रभ होऊं लागल्याचें दिसून आलें.

यावरून घ्यावयाचा बोध हा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व ॲसिटामिप्रिड हीं नांवें तीन, परंतु कुळी एकच. एक सोडून दुसरें मारिलें म्हणजे फेरपालट झाली असें नव्हे. मात्रा वाढविल्यानें पैसा जातो, कणखर मावा उरतो, आणि त्यास खाणारे ढालकिडे व क्रायसोपा मात्र मरतात. २००२ सालीं पश्चिम महाराष्ट्रांत उंसावर लोकरी मावा आला, तेव्हां डिफा व मायक्रोमस या मित्रकिड्यांनींच तो मोठ्या प्रमाणावर आटोक्यांत आणिला, हें विसरूं नये.

तरी शेतकरी बंधूंनीं आरंभींच माव्याचे शेंडे खुडून नष्ट करावे. ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मित्रकिडे दिसत असल्यास थोडें थांबावें. औषध लागलेंच, तर दुकानदाराच्या शब्दावर न जातां बाटलीवरील घटकाचें नांव वाचावें, मागील खेपेहून निराळ्या कुळीचें व त्या पिकास मान्य असलेलें औषध घ्यावें, आणि छापलेल्या मात्रेनेंच वापरावें. कोणत्या तारखेस काय मारिलें याची वहींत नोंद ठेवावी. पुढील हंगामीं तीच उपयोगीं पडेल.