तेलगळती आणि इंजिनाचा टायमिंग बेल्ट

टायमिंग बेल्ट हा क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांची गती जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा होय. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे 2 फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा 1 फेरा होतो. हा मेळ बेल्टच्या दातांवर अवलंबून असतो. इंजिनाचे तेल लागल्यास सामान्य बेल्टचे रबर फुगते, मऊ पडते व दात झडू लागतात. बेल्ट तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात आणि किरकोळ गळतीपायी मोठा खर्च ओढवतो.

म्हणून बेल्टच्या आवरणापाशी तेल दिसताच वाहन तपासून घ्यावे. गळती बहुधा क्रँकशाफ्ट वा कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून, अथवा इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून होते. ब्रीदर तुंबल्यास आतील दाब वाढून नवे सीलही गळू शकते. तो साफ करावा. आधी गळतीचे मूळ दूर करावे, मगच नवा बेल्ट बसवावा. भिजलेला बेल्ट रॉकेलने धुऊन पुन्हा वापरू नये. रबरात मुरलेले तेल धुण्याने निघत नाही, उलट रॉकेलही रबरास घातकच. ताण देणारी पुलीही तपासावी.

काही नव्या इंजिनांत बेल्ट तेलातच चालतो. तेथे उत्पादकाने नेमून दिलेलेच तेल वापरावे.