काकांची एर्टिगा, दुसरा गिअर आणि 1872 चा घोडा

चि. भाच्यास,

पुण्याच्या काकांची एर्टिगा पालमला आणायची बोलणी चालली आहेत, हे ताईकडून कळलं. 2013 ची डिझेल गाडी, पहिल्यापासून एकाच हातची, आणि काकांचा हात जपून वापरणारा. दाजींनी फोनवर विचारलं तेव्हा काका स्वतःहून म्हणाले, "दुसरा गिअर कधीकधी कुरकुरतो, बाकी काही नाही." त्या एका वाक्यावरून घरात दोन तट पडले आहेत. ताई म्हणते, घरच्या माणसाची गाडी, तिला काय ठोकून बघायचं? तू विचारतोस, उद्या गिअरबॉक्स बसला तर कुणी निस्तरायचं? भावकीच्या व्यवहारात मामाने तोंड घालू नये, हा आपल्याकडचा रिवाज बरोबरच आहे. पण सल्ला तूच मागितलास, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी हवी, यात वाद नाही. पालमकराला रेल्वे धरायची तर गंगाखेड गाठावं लागतं आणि मोठा दवाखाना म्हटलं की लोह्यावरून नांदेड, विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय. म्हातारी माणसं, लेकरं आणि सामान घेऊन सात जणांना एसटीने नेणं किती अवघड आहे, ते ताई वर्षानुवर्षं सोसते आहे. पूर्वी अशा घरांना मारुतीची ओम्नी होती. 1984 साली आलेली ती डबी 2019 पर्यंत बनत राहिली. 1994 नंतर दारोदार टाटा सुमो दिसू लागली. टाटांच्या टेल्को कंपनीचे सुमंत मूळगावकर यांच्या नावातली आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं होतं. एर्टिगा 2012 च्या एप्रिलमध्ये बाजारात आली आणि तिने मधली जागा धरली. चालवायला मोटारीसारखी हलकी, पण आसनांच्या ओळी तीन. 2020 च्या एप्रिलमध्ये देशात बीएस-6 चे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. त्यामुळे डिझेल एर्टिगा हवी असणाऱ्याला जुन्या गाडीशिवाय वाट नाही. काकांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेल ते यामुळेच, आणि काकांनाही त्याची कल्पना असणार.

आता मुद्द्याचं. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे, आणि पाठोपाठ एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे होते. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, विकणारा तोच, पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे मात्र खोड सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य ठरतं, कारण नातंच तसं आहे. पुढच्या उदाहरणात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निरोगी आहे असं मी धरून चालेन," आणि विकणारा गप्प राहतो. ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच, असं कायदा मानतो.

दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना आपली घरं ठाऊक नव्हती, पण नेमकं मर्म त्यांनी पकडलं. पालमपासून माळेगावची यात्रा काही लांब नाही. खंडोबाच्या त्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणता माणूस दात बघतो, खूर उचलून बघतो, जनावर चालवून बघतो, आणि विकणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. घरातल्या व्यवहारात मात्र दात बघणं म्हणजे अविश्वास, असं आपण ठरवून टाकलं आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशाच वेळी खरं होतं.

काका-पुतण्याचं नातं कायद्याच्या त्या बाप-लेकीच्या चौकटीत तंतोतंत बसेल असं नाही. पण काकांनी कर्तव्य केलं आहे, हे आधी मान्य कर. गिअर कुरकुरतो हे त्यांनी सांगितलं. आणि सांगितलं म्हणूनच ओझं आता घेणाऱ्यावर आलं. कळलेला दोष दुर्लक्षून गाडी घेतली, तर पुढे "आम्हाला काय माहीत" म्हणायला तोंड राहत नाही. म्हणून त्या कुरकुरीची किंमत आजच, रुपयांत ठरवायची. ती ठरली नाही, तर पुढे प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक वाटणीच्या बोलण्यात ती कुरकुर पुन्हा उपटेल.

दुसऱ्याच गिअरची तक्रार का, ते समजून घे. गिअरबॉक्समध्ये फिरणारी दोन चक्रं वेगवेगळ्या गतीची असतात. दाते एकमेकांत बसण्याआधी त्यांची गती जुळावी लागते, आणि ते काम एक छोटी कडी करते. मेकॅनिक तिला सिंक्रो रिंग म्हणतात. गिअर टाकताना ही कडी चक्राच्या उतारावर घासते, गती जुळते आणि मग दाते अलगद बसतात. पुण्याच्या रहदारीत गाडी दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत असते, म्हणून बहुधा दुसऱ्याचीच कडी आधी झिजते. झिजलेली कडी गती जुळवू शकत नाही, दाते दातांवर आपटतात आणि कर्र आवाज येतो. गाडी आज रस्त्यात बसेल असा याचा अर्थ नाही. पण त्या आपटण्याने दात्यांची टोकं बोथट होत जातात आणि पुढे गिअर आपोआप सुटू लागतो. तिथे खर्च कडीपुरता राहत नाही.

दुसरी शक्यता याहून बरी आहे. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही गिअर कुरकुरतात, पण मग सगळेच कुरकुरतात, आणि रिव्हर्स सर्वात जास्त. तसं असेल तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेरचा, आणि इलाज स्वस्तातला. एकटा दुसराच कुरकुरतो की सगळे, हे तपासल्याशिवाय कुणी भाव बोलू नये.

तपासणी सकाळी, गाडी थंड असताना करायची. काकांना आदल्या रात्रीच सांगून ठेव की सकाळी गाडी सुरू करू नका. गिअरबॉक्समधलं ऑइल थंड असताना खरी तक्रार ऐकू येते. इंजिन चालू करून गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवायची आणि क्लच दाबायचा, सोडायचा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग गेलं. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग बोलतंय. मग रस्त्यावर. पहिल्यातून दुसऱ्यात, आणि तिसऱ्यातून उतरत दुसऱ्यात, दोन्ही बाजूंनी गिअर टाकून बघ. झिजलेली कडी उतरताना जास्त ओरडते. दुसऱ्यात गाडी जरा पळवून अॅक्सिलरेटर एकदम सोड. दांडा उसळून न्यूट्रलला आला, तर समज की काम कडीच्या पलीकडे गेलं आहे. शेवटी चढावर चौथ्यात जोर दे. इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे.

त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून गिअर ऑइल काढायला सांग. लोखंडाचा करडा, बोटाला लागणारा बारीक लेप सापडला तर घाबरायचं कारण नाही, एवढ्या चाललेल्या गाडीत तो असतोच. बोटांत धरून वेगळी करता येईल अशी कणी सापडली, तर गिअरबॉक्स खोलल्याशिवाय व्यवहार करायचा नाही. आणि हे काम काकांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नको. तो माणूस चांगला असेल, पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकापुढे तोंड उघडणं त्याला अवघड जाईल.

"एवढं खोलात कशाला?" असं दाजी विचारतील. त्यांना अमेरिकेचं उदाहरण सांग. तिथे एकेकाळी बऱ्याच कुटुंबांत मिनिव्हॅन, म्हणजे आसनांच्या तीन ओळींची गाडी, असायची, आणि ती विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना गिअरबॉक्सनेच घाम फोडला. क्रायसलरने 1989 च्या मॉडेलपासून आपल्या व्हॅनना नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. त्याला खास प्रकारचंच ऑइल चालायचं, पण मालकांना दिलेल्या सूचनांत सर्वसाधारण ऑइलही चालेल असं म्हटलं गेलं, आणि चुकीच्या ऑइलने कितीतरी गिअरबॉक्स बिघडले. म्हणून जुन्या गाडीत कोणतं ऑइल आणि कधी घातलं, याची पावती बघायची. दुसरी कंपनी होंडा. तिने 2004 च्या एप्रिलमध्ये ओडिसी व्हॅन आणि इतर लाखो गाड्या परत बोलावल्या. तिथेही दुखणं दुसऱ्याच गिअरचं होतं, कारण मात्र वेगळं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ते चक्र जास्त तापायचं. सुमारे 24 हजार किलोमीटरच्या आत चाललेल्या गाड्यांना कंपनीने तेलाची जादा धार बसवून दिली. त्याहून जास्त चाललेल्या गाड्यांत आत डोकावून चक्राचा रंग बघितला, आणि तापून रंग बदललेला दिसला तर गिअरबॉक्स बदलला. गाडी बनवणाऱ्यांनीही अंदाजावर सोडलं नाही, आत बघितलं. आपण तर विकत घेणारे.

तपासणीनंतर दोन ठिकाणचा खर्चाचा अंदाज लेखी घे, एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आणि एक बाहेरच्या जाणत्या मेकॅनिकचा. या गाडीत क्लच बदलायचा तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणजे मजुरी एकदाच द्यायची आणि त्याच खोलण्यात क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सिंक्रो रिंग तिन्ही उरकायचं. मग काकांपुढे दोन वाटा ठेव. त्यांनी काम करून घ्यावं आणि बाजारभावाने गाडी द्यावी. किंवा आहे तशी द्यावी आणि अंदाजाची रक्कम भावातून वजा करावी. माझं मत दुसऱ्या वाटेकडे झुकतं, कारण विकणारा दुरुस्ती करतो ती गाडी विकेपर्यंत पुरावी म्हणून, आणि वापरणारा करतो ती वर्षानुवर्षं टिकावी म्हणून. यात काकांच्या सचोटीवर शंका नाही. माणसाचा कल तसा असतोच.

"घरच्या घरात कसला भाव, द्या काय द्यायचं ते" असं काका म्हणतील. तिथे सावध राहा. न ठरलेला भाव कधीच फिटत नाही. आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे. नाहीच आला तर तशाच गाडीचा चालू भाव त्यांना दाखव आणि त्यातून अंदाज वजा कर. ताईला मधे घालू नकोस. दिराशी पैशाचं बोलण्याचं काम तिच्यावर टाकणं बरोबर नाही. तूच मोबाइलवर नीट, आदराने लिही: "काका, दुसऱ्या गिअरचं तुम्ही सांगितलंत, ते धरून भाव ठरवू. बाकी गाडीत दुसरं काही मोठं काम नाही असं मी धरून चालतो, असेल तर सांगा." हेच ते घोड्याचं तिसरं उदाहरण, फक्त घरच्या भाषेत. काकांना एखादी गोष्ट आठवली तर ते सांगतील, आणि त्यांनाही मोकळं वाटेल.

गाडी आधी पालमला आणून मग तपासायची, हा दाजींचा बेत मात्र मोडून काढ. एकदा गाडी दारात उभी राहिली, तिला हार घातला गेला, शेजारीपाजारी पेढे वाटले गेले, की परत पाठवण्याची हिंमत कुणाला होणार नाही. तपासणी पुण्यातच झाली पाहिजे. काकांनी तपासू दिली नाही, तर गाडी नको, आणि तेवढ्यावरून अबोलाही नको. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपेक्षा अबोला महाग पडतो, हे ताईला मी वेगळं सांगेन.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35. गाडी राज्यातल्या राज्यातच येते, म्हणून पुण्याचाच क्रमांक राहील. आपल्या जिल्ह्याचा एमएच 22 क्रमांक मिळवायची हौस करू नकोस. "नाव नंतर करू, घरचीच तर आहे" हे वाक्य सर्वात घातक. 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांत फिरली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे पालमच्या रस्त्यावर काही बरंवाईट झालं तर पुण्यात बसलेल्या काकांवर येईल. विमाही 14 दिवसांत नावावर करून घे. नो क्लेम बोनस काकांचा राहतो, तो त्यांच्या नव्या गाडीला लागेल. हप्त्यात तेवढा फरक पडला तर नवल वाटून घेऊ नकोस.

गाडी 2013 ची, म्हणजे खासगी नोंदणीची 15 वर्षं 2028 ला भरतील. पुढे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर आहे, तोही हिशेबात धर. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. ती बसवली आहे का ते गाडीवरच बघ, आणि काही चलन थकलं आहे का ते परिवहन अॅपवर कळेल. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख कुणाला घेता येत नाही, तेव्हा पैसे बँकेतूनच काकांच्या खात्यावर जाऊ देत. पांढऱ्या पाटीच्या गाडीत गावच्या लोकांना भाड्याने नेण्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नकोस. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

पुण्याला जाशील तेव्हा दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक आणि क्लचचं काम कधी झालं असेल त्याची पावती मागून घे. लिफ्टवर ऑइल काढताना एक फोटो काढून मला पाठव, मी इथल्या जाणत्या मेकॅनिकला दाखवून ठेवतो.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा मामा