सोमवारी शाळा, रविवारी ट्रॅक

प्रश्न : आमच्या घरात मी, पत्नी, चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आणि आई अशी पाच माणसं आहोत. सोसायटीत पार्किंग एकच. जुनी स्विफ्ट विकून वीस लाखांच्या आत अशी गाडी घ्यायची आहे, जी घरालाही चालेल आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डेलाही नेता येईल. मित्र म्हणतात, हॉर्सपॉवर बघ. घरचे म्हणतात, एसयूव्ही घे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या बाबतीत दोघांचंही नको. हॉर्सपॉवर शेवटी बघा, कारण ट्रॅकवर घरगुती गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. आधी हात टेकतात ते ब्रेक, आणि पाठोपाठ टायर.

कारण साधं आहे. तुमच्यासकट १,३०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणायची, तर जेवढी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तेवढीवर साडेतीन लिटर नळाचं पाणी उकळेल. हे चार-पाच सेकंदांत होतं, आणि डिस्क निवते न निवते तोच पुढचं वळण येतं. ही आच पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषत राहतं आणि पुरेसं ओलावलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही, आणि पेडल थेट तळाला बसतं. शहरात चार-पाच वर्षं ऑइल बदललं नाही तरी बिघाड कळत नाही. ट्रॅकवर तो तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळू शकतो.

म्हणून पहिला निकष वजनाचा. गाडी जितकी हलकी, तितकं ब्रेक आणि टायरचं काम कमी. एसयूव्ही इथेच मागे पडते : वजन जास्त आणि उंचीही जास्त. वळणावर ती कलते, सगळा भार बाहेरच्या पुढच्या टायरवर जातो आणि त्याची कड दिवसभरात खरवडून निघते. घरच्यांच्या आग्रहात तथ्य एवढंच की, आईंचे गुडघे दुखत असतील तर बुटक्या गाडीत चढउतार जड जाते. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला आईंना न्या आणि त्यांना दोनदा बसवून-उतरवून बघा. धाकट्याची चाइल्ड सीट आयसोफिक्सला लावून बघा, आणि ती लावल्यावर आई आणि थोरला मागे मावतात का, मधल्या जागेला तीन बिंदूंचा बेल्ट आहे का, हेही तिथेच तपासा.

तुमच्या बजेटमध्ये दीड लिटर टीएसआय इंजिनची फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया मला सर्वांत योग्य वाटते. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, ५२१ लिटरची डिकी, आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी व मुलांसाठीही पाच तारे. २०२२ मध्ये या गाड्या आल्या तेव्हा मागे ड्रम ब्रेक होते, त्यावर बरीच टीका झाली. पण करकचून ब्रेक दाबताना भार पुढच्या चाकांवर येतो आणि बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात, म्हणून तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. मॅन्युअल मिळाली तर घ्या. सात गिअरच्या डीएसजीमध्ये ड्राय क्लच आहे, आणि त्याला फार ताप सोसत नाही. चारही चाकांना डिस्क हवेच असतील तर ह्युंदाई आय२० एन लाइन आहे. १२० पीएसची ही हलकी गाडी ट्रॅकवर मजा देते, पण ३११ लिटरच्या डिकीत पाच जणांचं गावाचं सामान बसवताना तुमचा कस लागेल.

पुण्याहून चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई (३.७ किलोमीटर), कोइमतूरचा करी स्पीडवे (२.१ किलोमीटर) आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट (५.१ किलोमीटर), तिन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे ज्या टायरांवर ट्रॅक मारणार, त्यांच्यावरच पावसापाण्यात घरी यायचं आहे. तेव्हा शर्यतीच्या टायरांच्या नादी लागू नका. चांगले रस्त्याचे टायर घ्या. जाण्याआधी ताजं डॉट ४ ऑइल भरून घ्या, जास्त ताप सोसणारे पॅड बसवा आणि अलाइनमेंट करून घ्या. तिथे चार-पाच जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न दाबता हळू मारा. गाडी थांबवल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये उभी करा.

ट्रॅकवर उतरण्याआधी गाडी रिकामी करा. मॅट, चाइल्ड सीट, स्टेपनी, दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, सीटखाली घरंगळलेला मुलाचा बॉल. ब्रेक पेडलखाली अडकलेली एक बाटली पुरते. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पाही दुतर्फी टेपच्या भरवशावर ठेवू नका, आदल्या रात्रीच हॉटेलवर सुरक्षित ठेवा.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. ‘वापराच्या मर्यादा’ या भागात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकलीत तर दुरुस्ती बहुतेक तुमच्याच खिशातून. महिन्याचा हप्ता ठरवताना ही जोखीम हिशेबात धरा.

आणि स्विफ्ट लगेच विकू नका. ती हलकी आहे, शिकायला फार चांगली. ब्रेक ऑइल बदलून तिच्यावरच एक ट्रॅक डे करून या. तिथे प्रशिक्षक असेल तर अर्धा तास त्याला शेजारी बसवा. परतल्यावर हौस टिकली तर नवी गाडी घ्या. नाही टिकली, तर घरच्यांना हवी ती एसयूव्ही बिनधास्त घ्या, तुमचं काहीच अडणार नाही.