नावाचा तांबडा दगड

ज्याला सही करता येत नाही तो अंगठा उठवतो. सही असो की अंगठा, अर्थ एकच. “हे मला कबूल आहे.” चीन देशात या कामासाठी दोन हजारांहून अधिक वर्षे शिक्का वापरीत आले आहेत. शिक्क्यावर माणसाचे नाव कोरलेले असते. तो कागदावर उमटला की त्या माणसाचा शब्द पक्का झाला.

पूर्वी शिक्के धातूचे, हस्तिदंताचे किंवा जेड नावाच्या कठीण दगडाचे असत. ते घडविणे कारागिराचेच काम. पुढे, सहा-सातशे वर्षांपूर्वी, मऊ दगड वापरात आले. मग शिकलेली माणसे आपला शिक्का आपल्या हाताने कोरू लागली.

या मऊ दगडांत एक तांबडा दगड फार नावाजलेला आहे. त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘कोंबड्याच्या रक्ताचा दगड’ असा होतो. पांढऱ्या किंवा करड्या अंगावर लालभडक डाग आणि शिंतोडे असतात. कोंबडे कापताना रक्त उडावे, अगदी तसे! पण ते रक्त नव्हे बरं का. तो आहे हिंगूळ. पारा आणि गंधक मिळून हिंगूळ होतो.

हा दगड मुख्यतः दोन ठिकाणी सापडतो. एक हांगचौ शहराच्या पश्चिमेकडील चांगह्वाचे डोंगर, आणि दुसरे दूर उत्तरेला मंगोलियाच्या बाजूचे बालिन. तेथे प्राचीन काळी ज्वालामुखी होते. त्यांच्या खडकांतून गरम पाणी झिरपले. खडक मऊ झाला आणि त्याच्या भेगांत हिंगूळ साचला.

लाल रंग जितका दाट तितकी किंमत जास्त. म्हणून लबाडीही होते. साध्या दगडावर लाल रंग आणि राळ चढवून विकणारे असतात. खरा दगडही जपावा लागतो. उन्हात ठेवला की तांबडा रंग काळपट पडतो, म्हणून तो डबीत ठेवतात. तो तापवू नये, पाऱ्याची विषारी वाफ निघते. कोरताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

शिक्क्यावर अक्षरे उलटी कोरतात. आपले नाव कागदावर लिहा, कागद पालथा करून उजेडासमोर धरा. जसे दिसेल तसे कोरावे लागते. अक्षरे खोल कोरली तर ती पांढरी उमटतात. भोवतालचा दगड काढला तर ती लाल उमटतात. शाईसुद्धा हिंगुळाचीच! हिंगुळाची पूड, एरंडेल आणि दवण्याच्या जातीच्या एका झाडाचे तंतू एकत्र मळून ती करतात.

हांगचौ येथे 1904 साली शिक्के कोरणाऱ्यांची एक संस्था निघाली. ती आजही आहे. चिनी चित्रकार आजही चित्रावर आपला लाल शिक्का उमटवतात.

आपल्याकडेही ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी मुद्रा असे आणि शेवटी मोर्तबाचा शिक्का. मोर्तब झाले की पत्र तेथे संपले. त्याखाली कोणी मागाहून चार ओळी घुसडल्या तर त्या खोट्या, हे लगेच कळे.

पण शिक्क्यात एक धोका आहे. अंगठा कोणी चोरून नेत नाही, शिक्का मात्र चोरता येतो. तो ज्याच्या हाती, तो आपल्या नावाने बोलतो. आणि कागद न वाचता आपण स्वतःच शिक्का, सही किंवा अंगठा उठवला, तर चोराचीही गरज उरत नाही. दगड लाखमोलाचा असला तरी त्याला वाचता येत नाही. वाचायचे आपल्यालाच. म्हणून आम्ही आपणांस सांगतो, आधी वाचावे, न कळले तर विचारावे, मगच सही करावी.

कठीण शब्द
हिंगूळ – पारा व गंधक यांचा लाल पदार्थ
शिक्कामोर्तब – शिक्का मारून पक्के करणे

प्रश्न
1. दगडातील तांबडा रंग कशाचा?
2. तो उन्हात का ठेवू नये?
3. पत्राच्या शेवटी मोर्तब का करीत?
4. आपले नाव सुलटे व उलटे लिहून दाखवा.